आधी हाळी, मग चौकशी

आमच्या दवाखान्याच्या मेट्रनबाईंना तोंडावर सगळे 'अक्का' म्हणत आणि पाठीमागं 'बोंबअक्का'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक नसेल असं आम्हाला बरेच दिवस वाटत होतं. मग एकदा नवा एक्स-रेवाला फोनवर कुणाला तरी म्हणाला, "थांब, ठिवतो, बोंबअक्का यायल्यात," आणि अक्का त्याच्या मागंच उभ्या. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. अक्का म्हणाल्या, "नाव बरोबर हाय. बोंब मारायच्या येळी बोंबच मारावी लागती. तवा भजन म्हणून भागत न्हाई." आणि पेशंटची फिल्म उचलून निघून गेल्या.

दिसायला बाई साधी. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची पांढरी साडी, तोंडात सदान्‌कदा बडीशेप. आम्ही सगळ्या नर्सा पँट-कुडत्यात आलो तरी त्यांनी साडी सोडली नाही. पण आवाज! तळमजल्यावरून कुणाला हाक मारली की वरच्या मजल्यावरची बाळंतीण उठून बसायची. बोलणं मराठी, पण त्यात कानडी कधी शिरेल आणि दखनी कधी, याचा नेम नसायचा. बिदरात त्याचं कुणाला नवल नाही. अक्कांचं वेगळेपण एवढंच की भांडताना त्या तिन्ही भाषा वापरायच्या आणि समोरचा जिच्यात कच्चा असेल तिच्यात शेवट करायच्या.

एका शब्दावर त्यांचा भारी राग. 'नंतर'. "अक्का, नंतर सांगते," असं कुणी चुकून म्हणालं की हातातलं काम टाकून तिच्यापुढं उभ्या राहायच्या. "नंतर सांगितलं ती बातमी. तवाच सांगितलं तर ती मदत. काय देणारैस मला, बातमी का मदत?" हे वाक्य आमच्याकडून त्यांनी इतक्यांदा घोटून घेतलं की घरी दूध उतू गेलं तरी मला ते आठवतं.

दुसरा राग बंद दारावर. आल्या आल्या त्यांनी नर्सांच्या खोलीची आतली कडी काढायला लावली. ड्रेसिंगच्या खोलीचं दार आपोआप मिटायचं, तर त्याला वीट लावली. पुढंपुढं सगळ्या दारांना विटा लागल्या आणि दवाखान्यात बांधकाम चाललंय की काय असं वाटायला लागलं. लग्नाला गेल्या तरी कार्यालयात दाराजवळचीच खुर्ची धरायच्या. आमच्या एका डॉक्टरांच्या लग्नात नवरीच्या आईनं त्यांना पुढं सोफ्यावर चला म्हणून हात धरून ओढलं, तर म्हणाल्या, "हितूनच अक्षता टाकते, माय. हितून समद्यांचं ऐकू येतं." बिचारीला वाटलं, बाई रुसली. समजूत काढायला माणूस पाठवला, तर अक्का मजेत जिलेबी खात बसलेल्या.

आता हसू येतं, पण त्या आल्या तेव्हा आमची काय गत होती ते सांगते. दवाखाना ट्रस्टचा, बिदरलगतच्या कोळारच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला. भालकी, औराद, हुमनाबाद, तिकडं चिंचोळीपर्यंतची माणसं येतात. पेशंट एक असतो आणि त्याच्यासोबत टेम्पोभर पावणे. बहुतेक बिचारे घाबरलेले असतात. घाबरलेल्या माणसाला कुणाला तरी धरून हलवायचं असतं आणि समोर सापडते ती नर्स. शिव्या, ढकलाढकली, औषधाचा ट्रे उडवणं, खाटेवरचा मोबाईल पळवणं, हे सगळं आम्ही धरूनच चाललो होतो. कुणी हात पकडला तर तो सोडवून घ्यायचा, डोळे पुसायचे आणि पुढच्या खाटेवरचं सलाईन बदलायचं.

दर्शनी भागात मात्र एक फलक होता. 'या महिन्यातील सुरक्षाविषयक घटना' असं वर लिहिलेलं आणि खाली शून्य. ट्रस्टचे सेक्रेटरीसाहेब आल्यागेल्याला ते शून्य दाखवायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्या शून्यावर त्यांचा फार जीव. अक्का पहिल्या दिवशी फलकापुढं थांबल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "साहेब, ह्यो दवाखाना हाय का बंद पडल्याली शाळा?" साहेबांना ती थट्टा वाटली आणि ते हसले.

अक्का कमठाण्याच्या. लहानपणी आईबरोबर लोकांच्या रानात ज्वारी काढायला जायच्या. त्यांचं सगळं शास्त्र तिथलंच होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी ते आम्हाला सांगितलं.

"काढणीत साप निघाला की बाई काय करती? आधी हाळी देती. कोणता साप, केवढा, कुणाच्या वावरात, हे मग. आन् हाळी ऐकली की बाकीच्या 'ओ' देतेत आन् इळा घिऊन येतेत. 'कामून बोंबलायलीस गं?' म्हणून बांधावर बसून कुणी इचारत न्हाई. आपल्या दवाखान्यात समदं उलटं हाय. आधी सापाचं नाव लिवा, मग त्याच्यावर सह्या घ्या, मग सायबाला येळ असला तर हाळी द्या. तवर साप चावून घरी जातो."

तेव्हापासून नियम झाला. कुठल्याही वॉर्डातून हाळी आली की ऐकणाऱ्यानं 'ओ' द्यायचा आणि हातातलं काम सोडण्यासारखं असेल तर चालत यायचं. पळायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, अंगाला हात लावायचा तर मुळीच नाही. येऊन नुसतं गोल उभं राहायचं. चौकशी मागनं. वॉचमन 'हौ, हौ' करत यायचा, स्वयंपाकघरातली कानडी बाई 'बंदे, बंदे', म्हणजे आले, आले, म्हणत यायची. सराव म्हणून अक्का कधीही, कुठूनही हाळी द्यायच्या. एकदा औषधांच्या भांडारातून त्यांची बोंब आली आणि अर्धा दवाखाना तिथं जमला. मोठे सर्जन हाताला साबण तसाच ठेवून आले होते. अक्का खोक्यावर बसलेल्या, मांडीवर डबा. "समदे आले. छान. सर आधी आले, सरांना बेसनाचा लाडू." सरांचे हात साबणाचे, म्हणून लाडू त्यांच्या तोंडात घातला. सर रागावतील असं आम्हाला वाटलं, पण त्यांनी दुसरा मागितला.

त्याच सुमाराला ट्रस्टनं बेंगळुरूहून एक इंजिनिअर बोलावला. घटना घडल्या घडल्या फोनवरून कळवायचं ॲप त्यानं तयार केलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवत तो सांगत होता: इथं घटनेचा प्रकार निवडा, इथं तीव्रता निवडा, इथं थोडक्यात वर्णन. अक्का उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याची कॉलर धरली. "दाब बटन."

पोरगा गडबडला. त्यानं खिशातून फोन काढला, कुलूप उघडलं, ॲप शोधलं आणि प्रकार निवडायला लागला. अक्कांनी कॉलर धरून त्याला हळूच हलवलं. "बाळा, परकार कुठला निवडायलास? तवर तुझे दोन दात गेले की."

आमची हसून पुरेवाट झाली. पण पोरगा गुणी. रागावला नाही. संध्याकाळपर्यंत अक्कांच्या टेबलाशी बसला आणि सगळं मोडून त्यानं एकच मोठं लाल बटण केलं. दाबलं की वॉर्डाचं नाव अक्कांच्या, वॉचमनच्या आणि शेजारच्या वॉर्डांच्या फोनवर वाजणार. प्रकार, वर्णन वगैरे सगळं शांत झाल्यावर. "ह्यो एकच 'नंतर' मला चालतो," असं म्हणून अक्कांनी त्याला आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घातली.

हाळी आली, बटण आलं, लाडू झाले. आणि तरी फलकावरचं शून्य शून्यच राहिलं. सराव सोडला तर कुणी हाळी देईना, कुणी बटण दाबेना. अक्का चिडचिड करायला लागल्या. बटण मोठं करून बघितलं, आम्हाला ओळीत उभं करून ओरडून बघितलं. मग एक दिवस आमच्यातली एक सुजलेला ओठ घेऊन ड्युटीवर आली.

"काय झालं गं?"

"दार लागलं, अक्का."

"कोणतं दार? समद्या दारांना विटा लावल्यात मी."

पोरगी रडायलाच लागली. आदल्या दिवशी एका पेशंटच्या भावानं कोपर मारलं होतं. अक्कांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, बटण कामून दाबलं न्हाईस. ती म्हणाली, "घरी कळंल, अक्का. घरी कळलं की घरीच बसवतेत."

आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळ्या गप्प होतो. आमच्याकडं कुणाचं काही लपत नाही. अँब्युलन्सचा ड्रायव्हर एकीच्या माहेरचा, कॅन्टीनवाल्याची बहीण दुसरीच्या गावात दिलेली. दवाखान्यात घडलेली गोष्ट साहेबांच्या टेबलावर जायच्या आधी आमच्या गावच्या पारावर पोचते. आणि तिथं निकाल ठरलेला असतो: पोरीवर कुणी हात उचलतंय, मग कशाला पायजे तसली नोकरी? मारणारा राहतो बाजूला. म्हणून दार लागायचं, जिन्यात पाय घसरायचा, कपाटाचा कोपरा लागायचा.

अक्का त्या दिवशी कुणावर ओरडल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून त्या गावोगाव फिरायला लागल्या. एकेका नर्सच्या घरी, बोलावणं नसताना.

आमच्या घरी, भालकीकडच्या मेहकरला, त्या एसटीनं आल्या. हातात मेथीच्या दोन पेंड्या. माझे सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, शेती करतात आणि बी-बियाण्याचं लहान दुकान चालवतात. माणूस कमी बोलणारा. सासूबाई चुलीपुढं. अक्का बसल्या बसल्या म्हणाल्या, "जेवल्याबिगर जात न्हाई." आणि लगेच, कुणी विचारायच्या आधी, "आमी कमठाण्याचे. बौद्ध. सैपाकाचा खटाटोप नको, भाकरी चालंल."

सासूबाईंचा हात परातीत थांबला. अगदी थोडा वेळ. मी बघितलं, अक्कांनीही बघितलं. मग सासूबाईंनी उठून घरातलंच ताट घेतलं, पदरानं पुसलं आणि भाकरी वाढली. अक्का प्रत्येक घरी जेवायला मागायच्या, हे मला पुढं इतर पोरींकडून कळलं. तो थांबलेला हात त्यांनी किती घरांत बघितला असेल आणि कुठं कुठं तो पुन्हा हलला नसेल, याचा विचार आला की मला आजही कसंतरी होतं. त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

जेवता जेवता त्यांनी ताटातली भाकरी अप्पांपुढं धरली. "देवाची शप्पत मला नको, मी त्यातली न्हाई. भाकरीवर हात ठिवून सांगा. सुनंला दवाखान्यात कुणी बोललं, कुणी हात लावला, तर ती मला तवाच सांगंल. आन् सांगितलं म्हणून तुमी तिला घरी बसवायचं न्हाई."

अप्पांना गंमत वाटली. पण भाकरीपुढं आमच्याकडं कुणी थट्टा करत नाही. त्यांनी हात ठेवला. "दिला शब्द," म्हणाले.

अशी घरं झाली आणि मग बटण वाजायला लागलं. हाळ्या यायला लागल्या. फलकावरचा आकडा दर महिन्याला वाढायला लागला, कारण अक्का तो स्वतः खडूनं लिहायच्या. सेक्रेटरीसाहेबांनी बैठक बोलावली. चेहरा उतरलेला. "मेट्रनबाई, तुम्ही आल्यापासून या दवाखान्यात घटना वाढल्या आहेत."

"घटना तेवढ्याच हायत, साहेब," अक्का म्हणाल्या. "सांगणाऱ्या वाढल्या."

साहेबांना ते पटलं नाही. आकडा त्यांच्यापुढं होता आणि आकड्याला ते मानायचे. वर्ष संपल्यावर अक्कांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. आता त्या कमठाण्यात असतात, आसपासच्या मुलींना नर्सिंगच्या प्रवेशाला मदत करतात आणि रस्त्यात कुणी हाक मारली तर आधी 'ओ' देतात, मग कोण ते बघतात. मी अजून त्याच दवाखान्यात आहे. मी तिथं कशी राहिले, ते सांगायचं तर अक्का असतानाच्या त्या एका आठवड्यात परत जायला पाहिजे.

माझी धाकटी नणंद हुमनाबादच्या बाजूला दिलेली. तिचा दीर कोळारला कारखान्यात कामाला होता. एका दुपारी तो सोबत्याला घेऊन आमच्याकडं आला. सोबत्याची बोटं यंत्रात सापडलेली, टॉवेल रक्तानं भिजलेला. मला बघून दिराला धीर आला. "वैनी, तुमी हायत म्हणून हितं आणलाव. लगीच आत घ्या." सर्जन आत दुसऱ्या पेशंटच्या पोटावर काम करत होते. मी सोबत्याला झोपवलं, रक्त थांबवायला पट्टी दाबून बांधली आणि सांगितलं, थोडं थांबावं लागंल. तो थांबला. मग सोबती कण्हायला लागला आणि ह्याचं डोकं फिरलं. सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून तो ऑपरेशनच्या खोलीकडं निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. "हो बाजूला," म्हणाला आणि माझ्या थोबाडीत मारली.

गाल जळत होता आणि माझ्या डोक्यात काय यावं? नणंदेचं सासर. दिवाळीला हाच पाट मांडून जेवायला बसणार, सासूबाई मलाच वाढायला सांगणार. पावण्यावर बोंब मारायची कशी? तोंड उघडंना. मग त्यानं स्टँड दारावर उगारला, आत टेबलावर उघड्या पोटाचा माणूस होता, आणि माझ्या तोंडून हाळी निघाली. मी दिली असं म्हणवत नाही, ती निघाली.

"ओ!" एकीकडून. "हौ!" जिन्यातून. "बंदे, बंदे!" स्वयंपाकघराकडून. आया, वॉचमन, लॅबवाला, शेजारच्या वॉर्डातल्या पोरी, सगळे चालत आले आणि गोल उभे राहिले. तो मध्ये स्टँड धरून गरागरा बघत होता. मारणार कुणाला? मग त्यानं स्टँड खाली ठेवला आणि सोबत्याचं नाव घेऊन ढसाढसा रडायला लागला. मला त्याची कीवही आली, खोटं कशाला बोलू. सोबत्याची बोटं पुढं सरांनी वाचवली.

अशा वेळी सगळे नर्सला एकच विचारतात: तू त्याला काय बोललीस? अक्कांनी ते कधीच कुणाला विचारलं नाही. त्या आल्या, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "कुठं लागलं?" मग पोलिसात तक्रार गेली आणि मी तिच्यावर सही केली.

मी घरी पोचायच्या आधी गोष्ट मेहकरला पोचलेली होती. अप्पा ओसरीवर बसलेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चार दिस घरी ऱ्हा." ते चार दिवस कसे असतात ते आम्हा बायकांना ठाऊक असतं. माझा नवरा म्हणाला, अप्पा म्हणतेत तर ऱ्हा. मी गोठ्यामागं जाऊन अक्कांना फोन केला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "येते."

त्या आल्या तो रविवार होता आणि त्यांच्या आधी व्याही येऊन बसले होते. म्हणजे नणंदेचे सासरे, आणि ज्यानं मला मारलं त्याचे वडील. भारदस्त माणूस, आवाज मऊ. "पोरगं तापट हाय, व्याही. सोबत्याचं रगत बघून डोस्कं फिरलं. घरातली गोष्ट, पोलिसात कामून? तकरार माघारी घ्या." चहाचा घोट घेऊन तितक्याच मऊ आवाजात पुढं म्हणाले, "तुमची लेक आमच्या घरी नांदायलीय. ते बी बगा."

अप्पांनी मान खाली घातली. एका बाजूला सून होती आणि एका बाजूला लेक. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी आला नाही. अक्का येऊन दाराजवळ बसल्या. अप्पा त्यांना म्हणाले, "बाई, भाकरीवर हात ठिवलाय, मला ठावं हाय. पर लेकीचा परश्न हाय."

मला वाटलं, आता अक्का घर डोक्यावर घेतील. पण त्या इतक्या हळू बोलल्या की ऐकायला सगळ्यांना पुढं सरकावं लागलं.

"मी कलबुर्गीला नवीनच लागले व्हते, अप्पा. तुमच्या सुनंपेक्षा ल्हान. एकानं माझा हात पिरगाळला. मी तवाच सांगितलं, घरी बी सांगितलं. माझा बाप लई चांगला माणूस. तुमच्यावानी. त्यानं मला घरी आणून बसवलं. दोन वरसं मी पुन्हा लोकाच्या रानात गेले. मग हातापाया पडून परत नोकरी धरली. दुसऱ्यांदा एकानं कानफटात मारली. तवा मी कुणालाच सांगितलं न्हाई. कानातून पाणी यायचं, तरी सांगितलं न्हाई." त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं. "पहिल्यांदा सांगितलं तर नोकरी गेली. दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई तर कान गेला. ह्या डाव्या कानानं मला काय बी ऐकू येत न्हाई."

इतके दिवस त्यांच्या हाताखाली काम करून आमच्यातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं.

"ते तवाचं झालं, बाई," व्याही म्हणाले. "आता लेकीचं बगायला पायजे."

"व्हय की," अक्का म्हणाल्या. "लेकीला इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. अप्पांनी नाही, माझ्या नवऱ्यानं नाही आणि मीही नाही. तिच्या नावानं सगळं चाललं होतं आणि तिला एक फोन कुणी केला नव्हता. अप्पांनी खिशातून फोन काढला. "कशाला तिला तरास," व्याही म्हणाले, पण तोवर घंटी वाजायला लागली होती. अप्पांना फोन कानाला लावून बोलायची सवय नाही. ते तो तळहातावर धरतात आणि सगळ्यांना ऐकू जातं.

"अप्पा?" नणंदेचा आवाज आला.

"माय, तुझ्या दिरानं वैनीवर हात उचलला, कळलं का?"

"कळलं."

"तकरार केलीय. ती माघारी घ्यावी म्हणायलाव. तुला तिकडं कुणी बोलू नये म्हणून."

मग ती म्हणाली, "घिऊ नका, अप्पा."

"आगं, तुला तरास हुईल."

"तरास व्हायलाच हाय की, अप्पा. लगीन झाल्यापासून हाय." तिचा आवाज चढला नाही. कुणाची तरी तब्येत सांगावी तसं ती सांगत होती. "वैनीनं हाळी दिली तर दवाखाना गोळा झाला म्हणं. मी हितं कुणाला हाळी दिऊ? ज्याला द्यावी त्योच मारतो."

सासूबाई चुलीपुढून उठून उंबऱ्यात आल्या. व्याह्यांनी टोपी उचलली, काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि अप्पांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आता घरात कोण हाय?" त्यांनी लेकीला विचारलं.

"कुणी न्हाई. समदे रानात गेलेत."

"कापडं भर. मी निगालोच."

त्यांनी माझ्या नवऱ्याला गाडी काढायला सांगितली, मला 'उद्या ड्युटीला जा' म्हणाले आणि कोपऱ्यातली काठी घेतली. मग ती परत ठेवली. दाराकडं वळले, तर अक्का आधीच चपला घालून अंगणात उभ्या होत्या.